बदलत्या आयपीवर घरचा मेल सर्व्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात घरच्या ब्रॉडबँडवर मी काही वर्षांपासून मेल सर्व्हर चालवतो. पत्ते मोजून अकरा. पाच घरच्यांचे, बाकीचे इतवारीतल्या मामाच्या किराणा होलसेलच्या दुकानाचे. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, कायमचा नाही, लाइट गेली की बदलतो. हे कळलं की लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. लिनक्स थोडंफार येतं आणि स्वतःच्या नावाचं डोमेन आहे, एवढं गृहीत धरलं आहे.

बदलत्या आयपीवर मेल सर्व्हर चालतो तरी का?

येणाऱ्या मेलसाठी चालतो, आणि बरा चालतो. जाणारी मेल घरून थेट पाठवायच्या भानगडीत पडू नका. घ्यायचं घरी, पाठवायचं बाहेरून. खालचं सगळं याच्याच भोवती फिरतं.

भाऊ, हा आयपी बदलतो काहून?

कारण तो तुम्हाला भाड्याने दिलेला असतो. राउटर चालू झाला की कंपनीच्या यंत्रणेकडे पत्ता मागतो आणि त्या वेळी जो मोकळा असेल तो मिळतो. जोडणी तुटली की पत्ता परत जातो आणि दुसऱ्या कुणाला मिळतो. महिनाभर तोच राहील, नाहीतर एका दिवसात तीनदा बदलेल. आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळी पावसात फांदी तारेवर पडली की तासाभरात दोन-तीनदा लाइट येते-जाते, तेव्हा हमखास बदलतो.

माझा आयपी माझ्या एकट्याचाच आहे, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, नाहीतर पुढची मेहनत वाया. राउटरच्या पानावर जा आणि वॅन किंवा इंटरनेट या सदराखाली दिसणारा आयपी लिहून घ्या. मग 'माझा आयपी काय' असं सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुमचं नशीब चांगलं.

राउटरवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारा काहीतरी दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने शेकडो घरांत वाटला आहे. हा आकड्यांचा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे आतले पत्तेही देतात, अर्थ तोच. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या मशीनकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही, कारण फाटक कंपनीचं आहे आणि चावी तुमच्याकडे नाही. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घ्या किंवा खाली टनेलचा प्रश्न आहे तिथे जा.

एक गोष्ट अजून. आयपी तुमचा असूनही पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, कंपनीने बंद केलेला असू शकतो. आत येताना वेगळा, बाहेर जाताना वेगळा. दोन्ही तपासा. ग्राहक सेवेच्या फोनवर 'पोर्ट २५' म्हटलं तर समोरचा पोरगा 'सर, राउटर बंद करून चालू करा' म्हणतो. त्याने आयपी मात्र बदलतो.

डायनॅमिक डीएनएस लावलं की झालं ना?

अर्धं काम झालं. डीएनएस म्हणजे नावावरून आयपी सांगणारी वही, आणि डायनॅमिक म्हणजे आयपी बदलला की ती आपोआप सुधारणारी. रचना साधी आहे. तुमच्या डोमेनची एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची ते सांगणारी) एका नावाकडे बोट दाखवते, आणि त्या नावाची ए नोंद आयपीकडे. आयपी बदलला की फक्त ए नोंद बदलायची, एमएक्सला हात लावायचा नाही. एमएक्समध्ये थेट आयपी लिहिता येत नाही, आणि ती ज्या नावाकडे जाते ते नाव सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाचं टोपणनाव, असून चालत नाही. हा नियम १९९७ पासून लिहिलेला आहे तरी लोक फुकटच्या डायनॅमिक नावाकडे सीनेम लावतात. काही सर्व्हर चालवून घेतात, काही घेत नाहीत. मग 'अमक्याची मेल येते, तमक्याची येत नाही' असं कोडं घेऊन बसावं लागतं.

टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंद ठेवा, म्हणजे जुना पत्ता लोकांच्या आठवणीत पाच मिनिटांहून जास्त राहत नाही. ६० केलं तरी हरकत नाही.

नोंद बदलणारी स्क्रिप्ट मात्र नीट लिहा. माझी कशी फसली ते सांगतो. ती दर ५ मिनिटांनी चालायची आणि राउटरला आयपी विचारायची. एका फाइलमध्ये मागचा आयपी लिहिलेला असायचा. तो वेगळा निघाला की नवा आयपी फाइलमध्ये लिहायचा आणि मग डीएनएसला कळवायचं, असा क्रम होता. एका रात्री लाइट आली, राउटरला नवा पत्ता मिळाला, पण पलीकडची जोडणी अजून धड झालेली नव्हती. स्क्रिप्टने फाइल लिहिली, डीएनएसला कळवायला गेली, ते फसलं. पाच मिनिटांनी परत आली, फाइल बघितली, राउटरला विचारलं, दोन्ही सारखे. 'काही बदललं नाही' म्हणून गप्प झोपली. दर पाच मिनिटांनी उठायची आणि परत झोपायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाचा फोन आला, 'अरे, आज एकही मेल नाही आली बाप्पा!' तेव्हा कळलं.

आता स्क्रिप्ट फाइल ठेवतच नाही. डोमेनच्या नेमसर्व्हरलाच (नोंदी जिथे ठेवलेल्या असतात त्यालाच) थेट विचारते की माझ्या नावापुढे काय लिहिलं आहे, आणि ते राउटरच्या आयपीशी ताडून बघते. जुळत नसेल तर कळवते. जुळेपर्यंत कळवत राहते.

मग त्या दिवशीची मेल हरवली का?

नाही. रात्रीपर्यंत जवळजवळ सगळी आली. मेलची जुनी पद्धत इथे कामी येते. समोरचा सर्व्हर सापडला नाही, उचलला नाही, तर पाठवणाऱ्याने मेल टाकून द्यायची नसते. रांगेत ठेवून परत परत प्रयत्न करायचा असतो. एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचा, नियम सांगतो की चार-पाच दिवस तरी हार मानू नका. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळची मांडणी अशी आहे: पहिला फेरप्रयत्न साधारण ५ मिनिटांनी, मग अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, आणि ५ दिवसांनी मेल परत. म्हणजे सर्व्हर अर्धा दिवस बंद राहिला तर मेल उशिरा येते, बस. ओटीपी आणि पासवर्ड बदलायच्या लिंक तेवढ्या शिळ्या होतात.

'जवळजवळ' म्हणालो त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

बंद राहण्यापेक्षा वाईट काय असू शकतं?

जुन्या पत्त्यावर दुसरा कुणी राहायला येणं.

शिकायला आलेली पोरं अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतात आणि मग बदलतात, हे आपल्याकडे नेहमीचंच. जुन्या खोलीला कुलूप असेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि उद्या पुन्हा येतो. पण नवा भाडेकरू दार उघडून 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' म्हणाला, तर पोस्टमन शेरा मारून पत्र पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. विषय संपला.

मेलचंही तसंच होतं. तुम्ही सोडलेला आयपी ज्या घरी गेला तिथे काहीच ऐकत नसेल तर पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं आणि मेल रांगेत थांबते. पण तिथेही आपल्यासारखाच एखादा हौशी असेल, तर त्याचा सर्व्हर म्हणणार '५५४ ५.७.१, रिले ॲक्सेस डिनाइड'. पाचने सुरू होणारं उत्तर म्हणजे कायमचा नकार. पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते आणि त्याला वाटतं तुमचा पत्ताच चुकीचा आहे. चारने सुरू होणारं उत्तर आलं तर मेल थांबते. त्या शेजाऱ्याने कुठलं उत्तर लावून ठेवलं आहे, ते तुमच्या हातात नाही. मामाच्या त्या दिवशीच्या मेलमधली एक अशीच परत गेली होती. रायपूरच्या व्यापाऱ्याने फोन करून विचारलं, दुकान बंद केलं का म्हणून.

म्हणून टीटीएल कमी ठेवणं आणि स्क्रिप्ट पक्की असणं याला एवढं महत्त्व. मेल बंद सर्व्हरची वाट बघते, चुकीच्या सर्व्हरची नाही.

तो नवा भाडेकरू माझी मेल वाचू शकतो का?

ठरवलं तर हो. सगळं काही स्वीकारणारा सर्व्हर त्याने मांडला तर त्या पाच-दहा मिनिटांत आलेली मेल त्याच्याकडे जाईल. पोर्ट २५ वर दोन सर्व्हर बोलतात तेव्हा टीएलएस (जोडणीवरचं कुलूप) असलं तरी प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे हे बहुतेक जण बघत नाहीत.

यावर उपाय आहे, एमटीए-एसटीएस. २०१८ मध्ये त्याचं मानक आलं. तुमच्या डोमेनच्या एका ठरलेल्या वेबपानावर छोटी फाइल ठेवायची: माझी मेल या नावाच्या सर्व्हरलाच द्या, प्रमाणपत्र त्याच्याच नावाचं आणि खरं असलं पाहिजे. मोड 'एन्फोर्स' ठेवायचा. जीमेल २०१९ पासून आणि मायक्रोसॉफ्टची मेल २०२२ पासून हे पाळते. जुन्या पत्त्यावरच्या शेजाऱ्याकडे तुमच्या नावाचं प्रमाणपत्र नसणार, मग पाठवणारा त्याच्याशी व्यवहारच करत नाही आणि मेल रांगेत ठेवतो. त्या '५५४'पर्यंत बोलणं पोचतच नाही. बदलत्या आयपीवाल्यांसाठी याच्यासारखी दुसरी सोय मी पाहिलेली नाही, आणि नेमकी हीच लोक लावत नाहीत. ती फाइल मात्र घरच्या सर्व्हरवर ठेवू नका, कुठल्याही फुकटच्या स्थिर वेब होस्टिंगवर ठेवा.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं चालतं. ते डीएनएसच्या मार्गाने काढा, म्हणजे पोर्ट ८० उघडावा लागत नाही आणि आयपी बदलल्याचा संबंध येत नाही. मुदत फार तर ९० दिवसांची असते, नूतनीकरण आपोआप होईल असं बघा. नूतनीकरण झाल्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला (फोनला मेल देणारं सॉफ्टवेअर) रीलोड करायला विसरू नका. एन्फोर्स लावलेलं असताना प्रमाणपत्र संपलं तर जीमेलची सगळी मेल दाराबाहेर उभी राहते.

घरून थेट मेल पाठवली तर काय होतं?

बहुतेक ठिकाणी दारातच अडते. कारणं तीन, आणि तिन्ही तुमच्या हाताबाहेरची.

पहिलं म्हणजे यादी. स्पॅमहाउस या स्पॅमच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेची पीबीएल नावाची यादी आहे. त्यात घरगुती जोडण्यांचे आयपी पट्टेच्या पट्टे लिहिलेले असतात. तुम्ही स्पॅम पाठवला असा तो आरोप नाही. 'या पट्ट्यातून कुणी थेट मेल पाठवणं अपेक्षित नाही' एवढंच म्हणणं आहे, आणि बरेचदा ते पट्टे ब्रॉडबँड कंपनीनेच दिलेले असतात. व्हायरस लागलेल्या घरच्या कॉम्प्युटरांनी एके काळी जो उच्छाद मांडला होता, तो पाहता यादी बनवणाऱ्यांना दोष देता येत नाही. आपला आयपी त्यातून काढून घेता आला तरी उद्या आयपी बदलला की पुन्हा तेच.

दुसरं, पीटीआर नोंद. आयपीवरून उलट नाव शोधलं तर काय मिळतं? घरच्या आयपीला कंपनीने ठेवलेलं आकड्यांचं लांबलचक नाव मिळतं, नाहीतर काहीच मिळत नाही. ही नोंद डोमेनच्या मालकाच्या ताब्यात नसते, आयपीच्या मालकाच्या असते. जीमेल पीटीआर नसलेल्या पत्त्याला ५५०-५.७.२५ सांगून परत पाठवतं.

तिसरं, पत. आधी त्या आयपीवर कोण होतं आणि त्याने काय उद्योग केले, ते तुम्हाला माहीत नाही. समोरच्याला माहीत असतं.

पण मी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं लावलं आहे!

छान केलं. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोण पाठवू शकतं त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, डीमार्क म्हणजे हे जुळलं नाही तर काय करायचं ती सूचना. लागतंच ते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने तर नियमच केला. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवं, आणि गूगलच्या हिशोबाने जीमेलला दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही हवेत, वर डीमार्कही. पण पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर हवी हाही त्याच यादीतला नियम आहे, तोही सगळ्यांसाठी. आधार कार्ड दाखवलं म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरता येत नाही.

एसपीएफ नोंदीत लोक घरचा बदलता आयपी टाकतात आणि स्क्रिप्टने तीही नोंद बदलत बसतात. गरज नाही. जाणारी मेल रिलेमधून (पुढच्या प्रश्नात सांगितलं आहे) जात असेल तर एसपीएफमध्ये फक्त रिलेचं नाव लिहा आणि शेवटी मायनस ऑल, म्हणजे बाकी सगळ्यांना मनाई. घरच्या आयपीचा तिथे उल्लेखच नको, नाहीतर तो पुढच्या भाडेकरूला तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी ठरते.

डीकेआयएमची सही घरच्या सर्व्हरवरच करा. सही मेलमध्ये असते, आयपीशी तिचं देणंघेणं नाही.

रिले म्हणजे नक्की काय, आणि कुठून घ्यायचा?

तुमची मेल घेऊन स्वतःच्या चांगल्या आयपीवरून पुढे पाठवणारा सर्व्हर. नाव आणि पासवर्ड देऊन त्याच्याशी पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर बोलायचं. या पोर्टांवर ओळख पटवून जोडायचं असतं, म्हणून आयपी कुठला आहे याला महत्त्व राहत नाही आणि ब्रॉडबँड कंपन्याही सहसा ते अडवत नाहीत.

पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्ट ही एक ओळ, पासवर्डची एक फाइल, आणि एसएएसएल (नाव-पासवर्ड देण्याची सोय) चालू. रिलेचं नाव चौकोनी कंसात लिहा, नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स शोधायला जातं आणि भलतीकडे पोचतं. पासवर्डची फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येऊ नये.

कुठून घ्यायचा? डोमेन घेताना जोडीला एखादा मेलबॉक्स मिळाला असेल तर त्याचाच वापर करता येतो, पण तुमच्या डोमेनचे सगळे पत्ते 'पाठवणारा' म्हणून चालतात का ते आधी विचारा. पैसे घेऊन रिले देणाऱ्या कंपन्या आहेत, थोड्या मेलसाठी काहींची फुकट मर्यादा असते. मामाचे भावपत्रक सकाळी सव्वाशे लोकांना जातं. सुरुवातीला ते घरून थेट जायचं आणि निम्म्यांच्या स्पॅममध्ये पडायचं. रिले लावल्यापासून तक्रार नाही. पत्रक ज्यांनी मागितलं त्यांनाच पाठवायचं, एवढं मामाला पटवायला जास्त वेळ लागला.

टनेलवाली पद्धत काय आहे?

महिन्याच्या भाड्याने एक छोटा व्हीपीएस (होस्टिंग कंपनीकडचा आभासी सर्व्हर) घ्यायचा. त्याला स्थिर आयपी असतो आणि पीटीआर तुम्हाला लावता येते. एमएक्स त्याच्याकडे वळवायची. घरचा सर्व्हर वायरगार्ड या टनेल बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने व्हीपीएसला जोडून ठेवायचा. मेल येते व्हीपीएसवर, टनेलमधून घरी उतरते, आणि घरीच साठवली जाते. जाणारी मेलही त्याच वाटेने. घरचा आयपी बदलला तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. सीजीनॅट असलं तरी चालतं, कारण जोडणी घरातून बाहेर जाते. वायरगार्डच्या घरच्या बाजूला कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर राउटर जोडणी विसरतो. मार्च २०२० च्या ५.६ पासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आहे, गाभ्यासाठी वेगळं मॉड्यूल बसवावं लागत नाही.

दोन खड्डे दाखवून ठेवतो.

व्हीपीएस घेण्याआधी पोर्ट २५ बाहेर उघडा मिळतो का ते विचारा. गूगल क्लाउड तो सहसा बंदच ठेवतं, ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. छोट्या कंपन्यांमध्येही बऱ्याच ठिकाणी आधी बंद असतो.

दुसरा खड्डा खोल आहे. व्हीपीएसवर पोर्ट २५ घराकडे वळवताना लोक सोपं पडतं म्हणून मास्करेड (येणाऱ्याचा खरा पत्ता झाकून व्हीपीएसचा लावणं) लावतात. मग घरच्या पोस्टफिक्सला जगातली प्रत्येक जोडणी टनेलच्या आतल्या पत्त्यावरून आलेली दिसते, समजा १०.८.०.१. आणि मायनेटवर्क्स या पोस्टफिक्सच्या भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत तुम्ही टनेलचा पट्टा 'आपला माणूस' म्हणून लिहिलेला असतो. झालं! अख्खं जग आपला माणूस. ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल पुढे धाडणारे सर्व्हर, शोधणारे रोबोट दिवसरात्र दारं ठोठावत असतात. रांगेत हजारो मेल साचलेल्या दिसल्या की समजायचं ते येऊन गेले. एक तर मास्करेड काढून खरा पत्ता घरापर्यंत पोचेल अशी राउटिंग करा, नाहीतर व्हीपीएसवरच छोटं पोस्टफिक्स बसवून त्याला मेल घ्यायला लावा आणि मायनेटवर्क्समध्ये स्वतःच्या मशीनशिवाय काही ठेवू नका. मी दुसरं करतो.

मग सगळंच व्हीपीएसवर का नाही ठेवत?

ठेवा की. बऱ्याच जणांना तेच सोयीचं पडेल. माझ्या घरच्या डिस्कवर कैक वर्षांची मेल आहे आणि ती घरातच असावी असं मला वाटतं. तेवढी जागा भाड्याने घ्यायला पैसेही जास्त लागतात.

स्थिर आयपी घेतला तर सगळे प्रश्न मिटतात का?

बरेच मिटतात. पण घेण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: पीटीआर माझ्या नावाची लावून देणार का, आणि हा आयपी पीबीएलमध्ये असेल तर काढायला मदत करणार का. घरगुती पट्ट्यातलाच एक पत्ता 'स्थिर' म्हणून देतात आणि पीटीआरचं नाव काढलं की फोन चार जणांकडे फिरतो. अशा स्थिर आयपीने येणारी मेल सुखाची होते, जाणारीला रिले लागतोच.

जोडीला बॅकअप एमएक्स ठेवावा का?

बहुतेकांनी ठेवू नये. पाठवणारा सर्व्हर तसाही पाच दिवस थांबतो. बॅकअप एमएक्सकडे स्पॅमवाले मुद्दाम जातात, कारण तिथे पहारा ढिला असतो. कुठले पत्ते खरे हे त्याला माहीत नसेल तर तो सगळं घेतो आणि नंतर भलत्यांनाच 'पत्ता सापडला नाही' अशा मेल पाठवत सुटतो.

गंमत म्हणजे बदलत्या आयपीचं हे दुखणं जुनं आहे. डायल-अपच्या काळात, १९९९ मध्ये, खास याच्यासाठी ओडीएमआर नावाचं मानक निघालं होतं. घरच्या सर्व्हरने पोर्ट ३६६ वर फोन लावायचा, ओळख द्यायची आणि 'माझी साठलेली मेल दे' म्हणायचं. कल्पना छान होती, वापरताना मात्र मी कुणाला पाहिलं नाही.

घरी वायफायवर फोनमध्ये मेल येत नाही, बाहेर रस्त्यावर गेलं की येते. हे काय गौडबंगाल?

राउटर. फोन तुमच्या सर्व्हरचं नाव शोधतो, त्याला बाहेरचा आयपी मिळतो, आणि घरातूनच बाहेर जाऊन परत घरात यायचा तो प्रयत्न करतो. बरेच राउटर हे वळण घेऊ देत नाहीत. राउटरमध्ये 'हेअरपिन' किंवा 'लूपबॅक' नावाची सोय असेल तर चालू करा. नसेल तर घरातल्या डीएनएसमध्ये त्या नावापुढे आतला पत्ता लिहा, १९२.१६८ वाला. फोनमध्ये आयपी मात्र कधी टाकू नका, नावच टाका. पोर्ट आयमॅपला (मेल वाचायला) ९९३, पाठवायला ४६५.

स्पॅम अडवायला मी स्पॅमहाउसची यादी लावली तर सगळीच मेल अडायला लागली. का?

तुमचा सर्व्हर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक डीएनएस वापरत असणार. त्यातून विचारलं की स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं 'इथून विचारू नका' अशा अर्थाचं उत्तर देतं, आणि तुमचं पोस्टफिक्स कुठल्याही उत्तराला 'यादीत आहे' समजतं. घरच्या सर्व्हरवरच अनबाउंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर बसवा आणि नावं त्याच्याकडून शोधा.

आयपीव्ही६ असेल तर ही कटकट जाते का?

आयपीव्ही६ म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते. त्याने सीजीनॅटची जाते. बदलण्याची जाईलच असं नाही, कारण घराला मिळणारा प्रीफिक्सही (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलू शकतो. आणि फक्त आयपीव्ही६ वर सर्व्हर ठेवला तर ज्यांच्याकडे ते नाही त्यांची मेल येणार नाही. जोडीला ठेवा, भरवशावर नको. पाठवताना तर पीटीआर नसलेल्या आयपीव्ही६ पत्त्याला जीमेल उभंही करत नाही.

मराठीतला मेल पत्ता ठेवता येईल का?

येईल. पोस्टफिक्स ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून, देवनागरी पत्ते चालतात, आणि डॉट भारत डोमेनही मिळतं. जीमेलवाले २०१४ पासून अशा पत्त्यांवर पाठवू शकतात. पण फॉर्म भरताना बऱ्याच वेबसाइट तो पत्ता 'चुकीचा' म्हणून नाकारतात. हौस म्हणून ठेवा, सोबत रोमन पत्ता असू द्या.

लाइट आणि उन्हाळ्याचं काय करता?

जुना लॅपटॉप. बॅटरी असते, वीज कमी खातो. पण सर्व्हर चालू आणि राउटर बंद, याने काही होत नाही. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट गेली तरी जोडणी तुटली नाही तर आयपीही बरेचदा टिकतो. माझे महिन्यातले आयपी-बदल एवढ्यानेच निम्म्यावर आले.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोलीचं तापमान बघून जीव घाबरतो, पण लॅपटॉपला उन्हापेक्षा कूलरचा त्रास जास्त. कूलरच्या झोतात ठेवला तर ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात. माझा पहिला लॅपटॉप असाच गेला. उघडला तर पंख्यात खसच्या काड्या. आता तो कपाटाच्या वर, कूलरच्या उलट्या बाजूला, पुठ्ठ्यावर चार बाटल्यांची झाकणं ठेवून उचललेला आहे. खालून हवा लागते.

दुकानाची महत्त्वाची मेल यावर ठेवावी का?

जीएसटी, बँक आणि कोर्टकचेरीचा पत्ता मोठ्या कंपनीच्या मेलवर ठेवा. मामाचाही तसाच आहे. तुम्ही गावाला गेलात आणि लॅपटॉप बसला तर मामीने तो चालू करायचा का? चौकशी, भावपत्रक, बिलांच्या प्रती यांना घरचा सर्व्हर पुरतो.

सगळं लावलं. नीट लागलं आहे हे कसं तपासू?

स्वतःच आयपी बदला. राउटर दहा मिनिटं बंद ठेवा, चालू करा, आणि आयपी खरंच बदलला का ते बघा. कधी कधी तोच परत मिळतो, मग अजून थोडा वेळ बंद ठेवावा लागतो. बदलला की घड्याळ लावा. मोबाइल डेटावरून जीमेलने स्वतःला एक मेल पाठवा आणि सर्व्हरचा लॉग उघडून बसा. मेल किती मिनिटांनी उतरली ते लिहून ठेवा. माझ्याकडे साधारण सात मिनिटं लागतात: स्क्रिप्टची पाळी यायला काही, टीटीएल संपायला काही. वीस मिनिटं उलटली तरी आली नाही तर आधी नेमसर्व्हरला विचारा की त्याच्याकडे कुठला आयपी आहे. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

चाचणी रात्री अकरानंतर करा. मी पहिल्यांदा भर दुपारी केली आणि बायकोचा ऑफिसचा कॉल तुटला.